जुईच्या नावाची कुपी

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं, असं जुनी माणसं सांगून गेली आहेत. रेश्मा भुवडच्या दाढेचं दुखणं आलं हत्तीच्याच पावलांनी, पण गेलं एका रात्रीत, आणि तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं. ती झाली नाही. दोन महिने तिने खालच्या उजव्या दाढेत लवंग दाबून धरली होती, चहा डाव्या बाजूने प्यायला होता, झोपताना गालाखाली गरम रुमाल घेतला होता. मग एका सकाळी ठणका नाहीसा झाला. "बघा, गेलं की नाही आपोआप," असं ती नवऱ्याला म्हणाली, आणि मंगेशने सुस्कारा सोडून चहाचं आधण ठेवलं.

खरं तर मंगेशला तरी कळायला हवं होतं. देवरुखात वीज मंडळाचा वायरमन म्हणून त्याने एकतीस वर्षं काढली होती. खांबावर चढणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो हाच, की गप्प तारेवर विश्वास ठेवायचा नाही. पण बाहेरचं शहाणपण माणूस चपलेसारखं दाराशी काढून ठेवतो. २०५३ची दिवाळी सरली आणि पुढच्याच आठवड्यात रेश्मा सकाळी उठली ती सुजलेला गाल घेऊन. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं.

डॉक्टर शबाना मुकादम यांचा दवाखाना बाजारपेठेत, औषधांच्या दुकानाच्या माडीवर. बाई मूळच्या रत्नागिरीच्या, पंचेचाळिशीच्या, हाताने हलक्या आणि जिभेने मोकळ्या. त्यांनी दाढेला बर्फाची कांडी लावून पाहिली, मग बारीकसा विजेचा झटका देणारी सळई लावून पाहिली. रेश्माला दोन्ही वेळा काहीच कळलं नाही.

"दुखायचं थांबलं तेव्हाच यायचं होतं, रेश्माताई."

"थांबलं म्हणून तर नाही आले, मॅडम."

"सगळे हेच सांगतात. दात दुखायचा थांबतो तो दोनच कारणांनी. एकतर मी काहीतरी केलं म्हणून, नाहीतर आतली नस मेली म्हणून. मी तर तुमची दाढ आजच पहिल्यांदा बघतेय."

मग त्यांनी समोरच्या पडद्यावर दाढेचं चित्र मोठं करून रेश्मा आणि मंगेश दोघांना नीट समजावलं. दात हा भरीव दगड नव्हे. कवच कितीही कठीण असलं तरी आत एक पोकळ खोली असते आणि त्या खोलीतून मुळांच्या टोकांपर्यंत केसाइतक्या बारीक नळ्या गेलेल्या असतात. त्यात रक्तवाहिन्या, नसा आणि मऊ पेशी यांचा मगज भरलेला असतो. लोक त्या सगळ्यालाच नस म्हणतात. कीड तिथवर पोचली की मगज सुजतो. शरीरात दुसरीकडे सुजेला पसरायला जागा मिळते, इथे चहूबाजूंनी भिंती, त्यामुळे मगज स्वतःच्याच सुजेने गुदमरतो. म्हणून तो जीवघेणा ठणका. मगज मेला की ठणका थांबतो, आणि मग मेलेल्या मगजावर जंतूंची पंगत बसते. ती पंगत मुळाच्या टोकातून हाडात उतरली की गाल सुजतो.

"रूट कॅनाल म्हणजे ही खोली उघडायची," डॉक्टर म्हणाल्या. "मेलेला मगज बारीक बारीक कानशींनी काढायचा, नळ्या औषधानं धुवायच्या, आणि जंतूंना पुन्हा घर मिळू नये म्हणून रबरासारखा डिंक ठासून भरायचा. वर टोपी. लोक उगाच घाबरतात. सुईचं टोचणं सोडलं तर दुखत नाही. तास-दीड तास तोंड उघडं ठेवून जबडा मात्र भरून येतो. नंतर दोन-चार दिवस चावताना ठणकल्यासारखं होतं, तेवढंच. पूर्वीपासून हेच चाललंय आणि झकास चाललंय."

"आणि ते नवीन निघालंय ते?" रेश्माने सुजल्या तोंडानेच विचारलं. "सजीव भरण."

मंगेशने मान वर केली. त्याला हा शब्द आज या खोलीत नको होता.

सजीव भरण येऊन सात-आठ वर्षं झाली होती. यात रबराच्या डिंकाऐवजी नळ्यांमध्ये एक मऊ गर भरतात आणि त्या गरात दुधाच्या दातातून मिळालेल्या मूळ पेशी सोडतात. मूळ पेशी म्हणजे अजून काय व्हायचं ते न ठरलेल्या पेशी. त्या मुळाच्या टोकाकडून शरीरातलं रक्त ओढून घेतात, तीन-चार महिन्यांत नव्या रक्तवाहिन्या आणि नस घडवतात, आणि मेलेला दात पुन्हा जिवंत होतो. गार-गरम त्याला पुन्हा कळायला लागतं. पेशी स्वतःच्या असल्या तर उत्तम. त्या नसल्या तर बाईला स्वतःच्या मुलाच्या चालू शकतात. मूल पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्या शरीरात राहतात, हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. त्यामुळे पुष्कळ आयांचं शरीर मुलाच्या पेशींना परकं मानत नाही. रक्ताची एक तपासणी केली की ते आधीच समजतं.

"आमच्या जुईचं आहे कोल्हापूरला ठेवलेलं," रेश्मा म्हणाली. "एक कुपी."

डॉक्टरांनी हातातली सळई खाली ठेवली. देवरुख लहान गाव आहे. भुवडांची जुई अकरा वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापाने गेली, तेव्हा ती नऊ वर्षांची होती, हे त्यांना माहीत होतं.

"एका कुपीत एकच वापर होतो, रेश्माताई. एकदा वितळवली की पुन्हा गोठवता येत नाही. नीट विचार करा."

"अकरा वर्षं केलाय विचार. नुसती गोठवून काय करू तिला? माझ्यात वाढेल तरी."

त्या दिवशी डॉक्टरांनी दाढ उघडून आतला पू काढला, नळ्या धुतल्या, आत औषध ठेवून वर तात्पुरतं सिमेंट लावलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली. तोवर कोल्हापूरच्या पेशींच्या पेढीला पत्र जाईल. नव्या कायद्याप्रमाणे कुपीतला नमुना कुणाचा आहे याची खातरजमा होईल, आणि मग कुपी इकडे येईल.

खातरजमा हा शब्द मंगेशने ऐकला. त्या कुपीत जुई नव्हती. हे जगात एकट्या मंगेशला माहीत होतं.

झालं होतं ते असं. चौदा वर्षांपूर्वी सरकारने मुलींसाठी एक योजना आणली होती. शाळेतून निळी डबी मिळायची, तिच्यात गुलाबी पाणी. मुलीचा पहिला दुधाचा दात पडला की तासाभरात डबीत टाकायचा, कळवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पेढीची गाडी येऊन डबी घेऊन जायची. दातातल्या मूळ पेशी मुलीच्या नावाने कोल्हापूरला गोठवून ठेवायच्या, पुढे तिलाच आजारपणात उपयोगी पडाव्यात म्हणून. योजना फक्त मुलींसाठी होती, म्हणून आठ वर्षांच्या तन्मयला डबी नव्हती. रेश्मा तेव्हा पोस्टात होती. फॉर्म तिनेच भरला होता, आणि जुईचा दात हलायला लागल्यापासून ती रोज बोट लावून पाहायची. नेमकी रत्नागिरीला तीन दिवसांच्या ट्रेनिंगला गेली आणि जुईचा दात पडला. तो दात डबीत गेला नाही. कसा गेला नाही, ते मंगेशने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडी येणार म्हणून फोन आला. रेश्मा परतल्यावर काय म्हणेल, या भीतीने मंगेशने तन्मयचा हलणारा दात दोऱ्याने ओढून काढला आणि जुईच्या डबीत टाकला. तेव्हा पेढीत पेशी जिवंत आहेत की नाहीत एवढंच बघत. कुणाच्या आहेत ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

त्याला वाटलं होतं, त्यात काय मोठंसं? दोन्ही पोरं आपलीच, डबी कुणाच्याही नावाची असेना. जुईचा पुढचा दात पडला की सांगून टाकू. पण आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन वर्षं गेली आणि मग जुईच गेली. तेराव्यापर्यंत रेश्माने अन्नाला तोंड लावलं नाही. कुणी कुणी समजावलं तिला, पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. चौदाव्या दिवशी ती एकदम उठून बसली आणि म्हणाली, "तिची डबी आहे ना हो कोल्हापूरला? ती तर जिवंत आहे." त्या दिवशी तिने वाटीभर भात खाल्ला. मंगेश समोर बसून पाहत होता. त्या भाताच्या वाटीसमोर खरं बोलायला जो माणूस लागतो, तो मंगेश नव्हता.

तेव्हापासून दरवर्षी जुईच्या वाढदिवसाला तिघं आंबा घाटाने कोल्हापूरला जात. पेढीत एक काचेची खिडकी होती, पलीकडे पांढरी वाफ आणि नंबर घातलेले खण. रेश्मा तिथे अर्धा तास उभी राही. मंगेश लांब बाकावर बसे, कारण जवळ उभं राहायची त्याची छाती नव्हती.

घरी आल्यावर दोन दिवसांनी त्याने पहिला प्रयत्न केला. रेश्मा पेज खात होती. सूज उतरली होती.

"साधंच करून घेऊ या का, रूट कॅनाल? डॉक्टरच म्हणाल्या, झकास होतं."

"का?"

"उगाच नवीन काहीतरी. नाही धरलं अंगानं तर कुपीपण जायची आणि दाढपण."

रेश्माने चमचा खाली ठेवला. "अकरा वर्षं बघतेय मी. खिडकीजवळ येत नाही तुम्ही. तिचं नाव काढलं की उठून जाता. आता माझ्यात येतेय तर तेही नको तुम्हाला. तुम्हाला ती नकोच आहे का हो?"

सांगता येईना आणि सहन होईना, अशी अवस्था झाली त्याची. तो उठून ओटीवर गेला, म्हणजे ती जे म्हणाली तेच त्याने करून दाखवलं. एवढा आपल्या बोलण्याला पुरावा मिळाल्यावर रेश्माही पुढे काही बोलली नाही. आठ दिवस दोघं एकमेकांशी मिठा-पिठापुरतं बोलत राहिली. या आठ दिवसांत रेश्मा मात्र हळूहळू उजळत गेली. तिने शेजारच्या सुलभावहिनींना सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं. एकदा तर आरशासमोर तोंड उघडून ती त्या दाढेकडे पाहत होती, आणि मंगेशला दारातून ते पाहवलं नाही.

नवव्या दिवशी डॉक्टर मुकादमांनी त्याला एकट्याला दवाखान्यात बोलावलं. समोर कोल्हापूरचा कागद होता.

"रेश्माताईंचंच मूल आहे, यात शंका नाही," त्या म्हणाल्या. "पण मुलगा आहे. आधी मला वाटलं पेढीनं गोंधळ केला. म्हणून दोनदा विचारलं. गोंधळ त्यांचा नाही. तुम्हाला काही माहीत आहे का?"

मंगेशने सगळं सांगितलं. सांगताना तो टेबलावरच्या प्लास्टरच्या जबड्याकडे पाहत होता.

"मी तुम्हाला काही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हाचं तेव्हा. पण पेशंट त्या आहेत. त्यांच्या तोंडात काय जातंय ते त्यांना माहीत हवं. तुम्ही सांगा. शुक्रवारपर्यंत नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल, आणि माझ्याकडून कळलं तर ते जास्त वाईट होईल."

"आणि आता कुपीचं काय?"

"ती तन्मयची आहे. तो बावीस वर्षांचा, जिवंत माणूस आहे. त्याच्या सहीशिवाय मी झाकणसुद्धा उघडणार नाही."

माणूस खांबावर चढताना आधी लाइन बंद करून घेतो, कागदावर सही घेतो, मग तारेला हात लावतो. हे काम तसं नव्हतं. मंगेशने चालू तारेलाच हात लावला. गुरुवारी दुपारी, रेश्मा तांदूळ निवडत असताना, तो तिच्यासमोर फरशीवर बसला आणि म्हणाला, "कोल्हापूरच्या कुपीत जुई नाही. तन्मय आहे. मी घातला त्याचा दात. तू रत्नागिरीला होतीस तेव्हा."

रेश्माचा हात सुपात तसाच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलेलं मंगेशला दिसलं, आणि त्याला समजलं की पोर हिच्यापुरती आज दुसऱ्यांदा गेली. पहिल्या वेळी निदान ताप होता, नशीब होतं. या वेळी नेणारा तो स्वतः होता.

तिने विचारलं, "मग तिचा दात कुठे गेला?"

"कौलावर."

"काय?"

"पेरू खाताना पडला. हातात घेऊन नाचत आली. मी डबी उघडली तर मागे सरकली. शेजारच्या पोरींनी सांगितलेलं, दात कौलावर फेकला नाही तर नवा येतच नाही. डबीत घातला तर बोळकी राहशील म्हणून. मी म्हटलं, असं काही नसतं. तर म्हणाली, बाबा, तुमचा कुठे फेकला होता? मी म्हटलं, कौलावर. मग काय, तिनं मलाच पकडलं त्यात."

रेश्माने सूप खाली ठेवलं.

"दोनदा फेकला, दोनदा खाली आला. तिसऱ्या वेळी पायऱ्यांवर चढून फेकला. राहिला वर. मग तोंड उघडून मला दाखवत होती, आला का नवीन, आला का. मी तिला घरात पाठवून शिडी लावली, कौलं चाचपली. तांदळाएवढा दात. नाही सापडला. मी तिला नाही म्हणू शकलो असतो गं. जबरदस्तीनं घेऊ शकलो असतो. तिला इतका आनंद झालेला की नाही घेतला."

"कोणता फ्रॉक होता?"

मंगेशला प्रश्न कळायला वेळ लागला. "पिवळा. खिशावर बदक असलेला."

"आणि पायऱ्यांवर कशी चढली? एकटी?"

"माझ्या खांद्याला धरून."

गेलेल्या माणसाचं नवं काही समजत नाही; असतं तेवढंच पुन्हापुन्हा घासून वापरायचं असतं. अकरा वर्षांत रेश्माला आज पहिल्यांदा जुईचं न पाहिलेलं काही मिळत होतं, आणि ते देणाऱ्यानेच तिचं होतं नव्हतं ते सगळं काढून घेतलं होतं. तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्याने सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तो रडायला लागला आणि ती सूप घेऊन आत निघून गेली.

शनिवारी मंगेशने धीर करून म्हटलं, "डॉक्टर म्हणत होत्या, पोटातल्या मुलाच्या पेशी आईच्या अंगात राहतात. म्हणजे जुई तशीही तुझ्यात..."

"दिसत नाही तिथे हात कुठे जोडू?" रेश्मा म्हणाली. एवढं बोलून तिने त्याच्याकडे पाठ केली.

तारीख जवळ आली तशी तीच एकदा म्हणाली, "तन्मयला बोलवा. त्याचं आहे, तर त्याला विचारायला नको?" तिला ते भरण हवं आहे की नको, हे मंगेशला तिच्या आवाजावरून ओळखता आलं नाही.

तन्मय पुण्याजवळ चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होता. उंच, अबोल पोरगा. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, ताटात वाढलेलं खाऊन ताट घासून ठेवायचा. जुई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आणि त्यानंतर त्याने कधी कशाचा हट्ट केल्याचं मंगेशला आठवत नव्हतं. समजूतदार पोरगं म्हणून सगळं गाव त्याची वाखाणणी करायचं. मंगेशने फोनवर एवढंच सांगितलं, की आईच्या दाढेच्या कामाला तुझी सही लागतेय. तन्मयने का, कशाला, काही विचारलं नाही. दात ओढला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. ते पोर केव्हाच विसरलं असणार, असा मंगेशचा हिशेब होता.

ठरल्या दिवशी सकाळच्या गाडीने तन्मय आला आणि थेट दवाखान्यातच पोचला. डॉक्टर मुकादमांनी तिघांनाही आत बसवलं. कुपी आदल्या दिवशीच कोल्हापूरहून आली होती. कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पिंपात ती होती, आणि रेश्मा जाणूनबुजून तिकडे पाहत नव्हती. डॉक्टरांनी संमतीचा कागद तन्मयसमोर ठेवला आणि त्याला समजावून सांगायला सुरुवात केली. या पेशी तुझ्या आहेत, एकदाच वापरता येतील, उद्या तुला स्वतःला लागल्या तर...

तन्मयने पेन घेतलं आणि सही करून टाकली.

"अरे, वाच तरी," रेश्मा म्हणाली. "तुला माहीत तरी आहे का काय आहे ते?"

"माझा दात आहे," तन्मय म्हणाला. "जुईच्या डबीतला."

मंगेशने झटकन त्याच्याकडे पाहिलं.

"तुला आठवतं?" रेश्माने विचारलं.

"दोरा बांधून काढलेला. रक्त आलं होतं पुष्कळ. आठवणार नाही का?"

"मग एवढी वर्षं बोलला का नाहीस?"

"बाबांनी सांगितलं होतं, आईला सांगू नको." त्याने पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "आणि नंतर... नंतर मला सांगायचंच नव्हतं."

"का?"

तन्मय डॉक्टरांसमोर बोलायला संकोचला. डॉक्टर उठून हात धुवायला गेल्या आणि त्यांनी नळ जरा जास्तच मोठा सोडला.

"तू तिथं खिडकीशी उभी राहायचीस ना," तन्मय म्हणाला. "काचेला हात लावून हळू आवाजात विचारायचीस. बाळा, थंडी नाही ना वाजत? मी तुझ्या बाजूलाच असायचो. मला माहीत होतं आत कोण आहे. मी मनात सांगायचो, नाही वाजत, आई."

वर्षातून एक दिवस, अर्धा तास. बाकीचं वर्ष या पोराने तेवढ्यावर काढलं होतं, आणि बापाने त्याला समजूतदार म्हणून मोकळं केलं होतं. आपण जुईचं खोटं सांगितलं म्हणून मंगेश तीन आठवडे जळत होता. खोट्याखाली दुसरंच पोर दबलं होतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याला उठून मुलाच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण हात उचलवेना.

रेश्माने तन्मयच्या पुढ्यातला कागद ओढून घेतला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "मॅडम, साधंच करा. तो तुमचा डिंकच भरा."

"आई, अगं घे ना. मला काय करायचंय ते?"

"तुला लागेल. बावीस वर्षांचा आहेस, सगळं आयुष्य पडलंय तुझं. माझी दाढ मेली तर मेली. चावायला होईल की." मग तिने त्या पिंपाकडे पहिल्यांदा पाहिलं. "आणि मॅडम, याच्यावर नाव बदलून द्या. तन्मय मंगेश भुवड. आजच द्या."

डॉक्टरांनी मान हलवली आणि खुर्ची आडवी केली. सुई टोचली तेव्हा रेश्माने डोळे मिटले. दहा मिनिटांत तिचा अर्धा ओठ आणि अर्धी जीभ बधिर झाली. मग डॉक्टरांनी तिच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवला, त्याच्या भोकातून फक्त ती दाढ वर राहिली, आणि पडद्याखाली तिचं बोलणं बंद झालं. औषधाचा उग्र वास खोलीभर पसरला. कानशी नळ्यांमध्ये आत-बाहेर होऊ लागल्या, यंत्र लांबी मोजत टिकटिक करू लागलं.

तन्मय बाहेर जायला निघाला. रेश्माने डोळे न उघडताच हात लांब केला आणि त्याचं मनगट पकडलं. तो थांबला. ती बोलू शकत नव्हती. अंगठ्याने ती त्याच्या मनगटाच्या आतली बाजू चोळत राहिली, तापलेल्या पोराची नाडी आई बघते तशी.

"दादा, जरा बाजूला होतोस का? मला या बाजूनं हात घालायचाय," डॉक्टर म्हणाल्या.

तन्मयने हात सोडवायचा प्रयत्न केला. पकड सुटेना. त्याने बापाकडे पाहिलं, आणि मंगेशने उठून आपली खुर्ची त्याच्या पायाशी सरकवली.

"राहू दे, मीच फिरून येते," असं म्हणून डॉक्टर दुसऱ्या बाजूला गेल्या. तन्मय खुर्चीवर बसला. सव्वा तास लागला.